उंचीवर पाणी सोड

ट्रायपॉड घ्यायचा म्हणतेस. हलका हवा, प्रवासात नेता आला पाहिजे आणि अंधारात उपयोगी पडला पाहिजे. मग मामाचं एवढं ऐकून जा. वजन कमी करायचं तर काहीतरी सोडावंच लागतं आणि स्वस्त ट्रायपॉड बनवणारे ते भलत्याच ठिकाणी सोडतात. पायांच्या नळ्या काटकुळ्या करतात आणि उंची मात्र डोळ्यापर्यंत देतात. गिऱ्हाईक उंची बघून खूश. तू उलटं कर. उंचीवर पाणी सोड, नळ्यांच्या जाडीवर नको. छातीपर्यंतच येणारा पण दणकट ट्रायपॉड रात्री कधीही सरस. हल्ली कॅमेऱ्याचा स्क्रीन बाहेर काढून वर वळवता येतो, तेव्हा डोळा लावायला उंची हवी हे कारणही उरलेलं नाही.

पण आधी आधार कशाला हवा ते ठरव. ट्रायपॉड तुझा हात थांबवतो, समोरच्याचा नाही. रात्री गोंधळात संबळ वाजवणाऱ्याचे हात टिपायचे तर तिथे आयएसओ वाढव, उघडी लेन्स लाव, आधाराचा काही उपयोग नाही. देऊळ, घाट, डोंगर, दिव्यांची रांग, म्हणजे जे जागचं हलत नाही, तिथेच तो कामाचा. तिथला हिशेब सोपा आहे. आयएसओ १६०० ला १/३० सेकंद लागत असेल तर आयएसओ १०० ला त्याच्या १६ पट, साधारण अर्धा सेकंद लागेल. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन चांगलं असेल आणि तू श्वास धरून उभी राहिलीस तर रुंद लेन्सवर अर्धा सेकंद हातातही निभतो. पाच-दहा सेकंद निभत नाही. म्हणून तुझ्या कॅमेऱ्यावर तुझा हात कुठवर टिकतो ते घरी, रात्री, खिडकीतून बघून ठेव. खरेदी त्याच्या पुढच्या अंधारासाठी आहे.

आता तुझं कोल्हापूर. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगेचा घाट पणत्यांनी भरतो आणि माणसांनीही. तिथे तीन पाय पसरून उभी राहिलीस तर कोणीतरी अडखळणार, आणि शेजारी पेटलेल्या पणत्या आहेत, कोणाच्या साडीचा पदर आहे. अशा ठिकाणी वीतभर उंचीचा टेबल-ट्रायपॉड पुरे. पायरीवर ठेव, कठड्यावर ठेव. पणत्या खालूनच जास्त छान दिसतात, तेव्हा उंची नाही म्हणून हळहळायचं कारण नाही. फक्त सांडलेल्या तेलावर रबरी पाय सरकतात, खाली रुमाल घाल. वाकड्या-तिकड्या दगडावर बीनबॅग त्याहून बरी. पिशवी रिकामी न्यायची आणि मुक्कामाच्या गावात अर्धा-पाऊण किलो मूग घेऊन भरायची. निघताना मूग तिथेच कोणाला तरी देऊन टाक, सगळा प्रवास डाळ घेऊन कशाला हिंडायचं?

अजिंठ्याला मात्र ट्रायपॉड नेऊन उपयोग नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत तो उभा करायला आधी परवानगी घ्यावी लागते आणि लेण्यांतल्या चित्रांवर फ्लॅश मारायला बंदी आहे, ती असायलाच हवी. खांबाला, भिंतीला टेकून आधार घ्यायचा मोहही तिथे टाळ. तिथे सुतळी. कॅमेऱ्याच्या बुडाला जो पाव इंची आटा असतो त्यात बसणारा बोल्ट घे, त्याला मजबूत दोरी बांध, दोरीचं दुसरं टोक पायाखाली दाब आणि कॅमेरा वर ओढून ताण धर. वरखाली होणारा हात बराचसा थांबतो. वजन खिशात कळतसुद्धा नाही आणि खर्च चहाच्या दोन कपांचा. एकपायी मोनोपॉडपेक्षा मला ही दोरीच आवडते. मोनोपॉड वाईट नाही, पण दोन-चार सेकंदांचं काम त्याच्याने होत नाही आणि पहारेकरी त्यालाही हटकतो.

खरा ट्रायपॉड लागतो तो भंडारदऱ्याच्या काजव्यांना. मे अखेर ते जूनचा पहिला पाऊस, हा त्यांचा हंगाम. वीस-तीस सेकंदांचे कितीतरी फोटो एकाच जागेवरून काढायचे आणि नंतर संगणकावर एकावर एक रचायचे, म्हणजे तासभर कॅमेरा केसभरही हलता कामा नये. उजेड असतानाच जागा धर, फोकस मॅन्युअलवर पक्का कर, मग कशाला हात लावू नकोस. स्क्रीन बंद, टॉर्च बंद. काजव्यांचं लुकलुकणं जोडीदारासाठी असतं, तुझ्या उजेडाने त्यात बिघाड येतो. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर किंवा रिमोटने सोड. जुनी लेन्स असेल तर तिचं स्टॅबिलायझेशन बंद कर, नाहीतर स्थिर कॅमेऱ्यातही ती स्वतःहून चुळबुळ करते. वारा असेल तर मधल्या दांड्याच्या हुकाला पिशवी अडकवतात, पण ती अधांतरी ठेवशील तर झोपाळ्यासारखी झुलेल आणि सगळंच हलवेल. तिचं बूड जमिनीला टेकू दे.

दुकानात जाशील तेव्हा कॅमेरा आणि तुझी सगळ्यात जड लेन्स सोबत ने. पायाचे चार भाग असतील ते बघ. पाच भागांचा घडी केल्यावर जास्त छोटा होतो, पण शेवटची नळी फार बारीक उरते. पाय पूर्ण उघड, मधला दांडा खालीच ठेव. दांडा वर काढला की तीन पायांवर एक पाय उभा केल्यासारखं होतं, तो दहातून एकदा वापरायचा. डोक्यावर तळहात ठेवून दाब, मग हलकेच पिळ. लेन्स लावून पडद्यावर चित्र मोठं कर आणि लेन्सच्या टोकाला टिचकी मार. कंप लगेच निवला तर ठीक, थरथरतच राहिला तर दुसरा दाखवा म्हण. बॉलहेड घट्ट केल्यावर चौकट खाली घसरते का, तेही बघ. खोक्यावर ‘इतके किलो पेलतो’ लिहिलेलं असतं, त्याच्या निम्म्यावरच विश्वास ठेव. कॅमेऱ्याखालची पट्टी आर्का पद्धतीची असली की पुढे त्याच पद्धतीचं कुठलंही हेड चालतं.

कार्बन की अॅल्युमिनियम? पैसे असतील तर कार्बन. हलका असतो आणि कंप लवकर जिरवतो. नसतील तर अॅल्युमिनियमचाच घे, पण त्यासाठी हेडचे पैसे कापू नकोस. एकंदर सव्वा-दीड किलोच्या आत आणि घडी करून हातबॅगेत मावेल असा बघ. देशातल्या विमानांत हातातल्या बॅगेला बहुधा ७ किलोचीच मुभा असते, त्यात कॅमेरा आणि लेन्साही आल्या.

कोकणात नेलास तर एवढं कर. वाळूत उभा करताना सगळ्यात खालची नळी वीतभर बाहेर काढ, म्हणजे तिचं पिळाचं कुलूप वाळूत रुतणार नाही. घरी आल्याआल्या पाय गोड्या पाण्याने धू, कुलपं उघडून फडक्याने पूस आणि पंख्याखाली रात्रभर उघडाच ठेव.