हरवलेला मोजा आणि हरवलेला कुत्रा

विडंबन म्हणजे नुसती टवाळी नव्हे. मूळ गीताची चाल व मांडणी कायम ठेवून तीत भलताच आशय भरणे, हे त्याचे मर्म होय. आचार्य अत्रे यांची, 'केशवकुमार' या नावाने लिहिलेली 'झेंडूची फुले' मराठी वाचकांच्या परिचयाची आहेत. येथे आम्ही लोकगीताच्या विडंबनाचे एक परदेशी उदाहरण अभ्यासासाठी घेत आहोत.

जर्मन भाषेत एक जुने लोकगीत आहे. गाणाऱ्याचा एक मोजा लाउटरबाख गावी हरवला आहे. मोज्यावाचून घरी जाण्यास तो तयार नाही. म्हणून उरलेल्या मोज्याला जोड आणण्यासाठी तो पुन्हा त्याच गावाची वाट धरतो.

अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे गीतकार सेप्टिमस विनर (१८२७–१९०२) यांनी हीच चाल घेऊन १८६४ साली नवे गीत प्रसिद्ध केले. मोज्याच्या जागी आला एक छोटासा कुत्रा! त्याच्या कानांचे व शेपटीचे वर्णन करीत बिचारा मालक त्याला शोधीत फिरतो. चाल तीच, हरवणेही तेच. परंतु मोजा बाजारात पुन्हा मिळतो, जिवाभावाचा कुत्रा कोठून मिळणार? म्हणूनच हे गीत हसवता हसवता किंचित हळहळ लावून जाते.

मात्र या गीताला दुसरीही बाजू होती. मालक हा जर्मनीहून आलेला दाखविला असून त्याचे मोडके इंग्रजी उच्चार मुद्दाम तसेच लिहिले होते. पुढील कडव्यांत त्याच्या खाण्यापिण्याचीही टर उडविली होती. आज हे बालगीत म्हणून गातात, तेव्हा बहुधा पहिलेच कडवे म्हणतात आणि तेही सरळ इंग्रजीत. परक्याची थट्टा गळून पडली. हरवलेला कुत्रा तेवढा उरला.

महाराष्ट्राबाहेर मराठी शिकणाऱ्या आम्हांस यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. आमच्या बोलण्यात शेजारभाषेचा हेल उतरतो आणि कधी एखादा पाहुणा त्यावर हसतो. ते हसू कोठे बोचते, हे आम्ही जाणतो.

तेव्हा, विद्यार्थी मित्रांनो, स्नेहसंमेलनासाठी अवश्य विडंबने लिहा. आधी मूळ गीत तोंडपाठ करा, त्याची चाल सांभाळा. मग छत्री हरवू द्या, दप्तर हरवू द्या, हवे तर मोतीही हरवू द्या. कोणाची बोली मात्र हास्याचे निमित्त करू नका.