उपग्रहाच्या चित्रातील वन आणि माळ

हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने अमेरिकन लँडसॅट उपग्रहांची १९७२ ते ७५ आणि १९८० ते ८२ या दोन कालखंडांतील चित्रे अभ्यासून देशातील वनाच्छादनाचे नकाशे तयार केले, तेव्हा त्यांतून निघालेले आकडे चिंता वाटावी असेच होते. पहिल्या कालखंडात देशाच्या भूमीपैकी १६.८९ टक्के भाग वनाच्छादित होता. दुसऱ्या कालखंडात हे प्रमाण १४.१० टक्क्यांवर उतरले होते. दप्तरी वन म्हणून नोंदलेली जमीन याहून पुष्कळच अधिक होती. नोंदीतील वन आणि प्रत्यक्ष उभे असलेले वन यांतील अंतर त्यामुळे प्रथमच इतक्या ठळकपणे पुढे आले.

भारतीय वन सर्वेक्षण या १९८१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने आपला पहिला अहवाल १९८७ साली प्रसिद्ध केला. तोही १९८१ ते ८३ मधील लँडसॅटच्या चित्रांवरच आधारलेला होता. परंतु त्यात वनाच्छादन सुमारे साडेएकोणीस टक्के भरले. उपग्रहमालिका तीच, काळही जवळजवळ तोच, आकडे मात्र निराळे. चित्र वाचण्याची रीत, विशेषतः विरळ झाडी कोठवर वनात धरावयाची हा निर्णय, किती मोलाचा असतो याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

पानांची ओळख

उपग्रह झाडे पाहत नाही. तो परावर्तित प्रकाश मोजतो. पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील तांबडे किरण शोषून घेते, तर पानाच्या पेशींची रचना डोळ्यांना न दिसणारे निकट अवरक्त किरण मोठ्या प्रमाणावर परत फेकते. या दोहोंतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की वनस्पती निर्देशांक मिळतो. समजा, एखादे जोमदार पीक अवरक्त किरणांपैकी ५० टक्के आणि तांबड्यापैकी ५ टक्के परावर्तित करीत आहे. त्याचा निर्देशांक ४५ भागिले ५५, म्हणजे सुमारे ०.८२ येईल. उघड्या जमिनीसाठी हेच आकडे २५ आणि २० धरले, तर उत्तर ०.११ इतकेच भरते. पाण्याचा निर्देशांक बहुधा शून्याच्याही खाली जातो. अवरक्त किरण चित्रात तांबड्या रंगाने दाखविण्याचा प्रघात असल्यामुळे घनदाट अरण्य तेथे लालभडक दिसते आणि नवखा माणूस प्रथम गोंधळतो.

चित्राचा बारकावा त्याच्या सर्वांत लहान चौकोनावर, म्हणजे चित्रबिंदूवर, अवलंबून असतो. १९७२ च्या पहिल्या लँडसॅटचा एक चित्रबिंदू जमिनीवरील दीड एकराहून थोड्या अधिक क्षेत्राएवढा होता. भारताने १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा उपग्रह सोडल्यानंतर स्वतःची चित्रे मिळू लागली. त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. पुढे वनमोजणीसाठी वापरात आलेल्या लिस-३ संवेदकाचा चित्रबिंदू साडेपाच गुंठ्यांचा आहे. २०१५ पासून उपलब्ध झालेल्या युरोपीय सेंटिनेल-२ चा तर जवळजवळ एका गुंठ्याचा. सात-बारावरील लहानसा तुकडाही आता चित्रात वेगळा काढता येतो.

बाग की अरण्य?

तथापि, चित्रबिंदू लहान झाला म्हणजे त्याचे नाव आपोआप ठरते असे नाही. वन सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्रावर झाडांच्या छत्राची दाटी १० टक्के वा त्याहून जास्त असेल, तर ते वनाच्छादन होय. मग जमीन कोणाच्याही मालकीची असो आणि झाड कोणत्याही जातीचे असो. या व्याख्येने २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचे वनाच्छादन ५०,७९८ चौरस किलोमीटर, म्हणजे १६.५१ टक्के आहे. यात सह्याद्रीतील सदाहरित राया आहेत, तशाच कोकणातील आंब्या-काजूच्या बागाही आहेत. दोडामार्ग परिसरात जंगल तोडून रबराची लागवड झाली. ती वाढून तिचे छत्र मिटले की टक्केवारी पूर्ववत होते. हत्तीला मात्र हा फरक कळतो.

चित्र कोणत्या महिन्यातील आहे, हेही पाहावे लागते. चंद्रपूरचे किंवा मेळघाटचे सागवान उन्हाळ्यात निष्पर्ण होते. त्या दिवसांतील चित्रावरून मोजणी केली तर चांगले वनही उजाड ठरेल. म्हणूनच पावसाळा सरल्यावर, पाने गळण्यापूर्वीची चित्रे पसंत केली जातात.

ढगांखालचे गवत

सागाला सोयीचा हा हंगाम गवताच्या मुळावर येतो. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या पट्ट्यातील माळराने श्रावण-भाद्रपदात हिरवी असतात आणि नेमके तेव्हाच आकाश ढगांनी भरलेले असते. ढग निवळून चित्र मिळेपर्यंत गवत पिवळे पडू लागते, निर्देशांक खाली येतो आणि नकाशावर त्या जागी ‘पडीक’ अशी नोंद होते. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपांची आणि झुडपांविना असलेली माळजमीन, तसेच खडकाळ जमीन, असे वर्गच आहेत. कोकणातील जांभ्या दगडाचे सडे यांतील शेवटच्या वर्गात सहज जातात. कासचे पठारही असेच खडकाचे. पण तेथील फुलांचा बहर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंत असतो.

नाव एकदा पडले की त्यामागून योजना येते. पडीक ठरलेल्या माळावर खड्डे खणून गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारखी झाडे लावली गेली. झाडे जगली की पुढील चित्रात निर्देशांक वाढतो आणि कागदोपत्री जमीन ‘सुधारते’. परंतु १९७९ मध्ये ज्या माळढोकासाठी नान्नज परिसरात अभयारण्य घोषित झाले, त्या पक्ष्याला दूरवर नजर पोहोचेल असा उघडा माळ लागतो. लांडगा आणि काळवीटही याच माळाचे रहिवासी. धनगरांच्या मेंढ्यांना चरावयास गवत हवे, गिरिपुष्पाची रांग नव्हे.

यावर तांत्रिक उपाय आहेत. रडारचे तरंग ढगांतून पार जातात. २०१२ चा रिसॅट-१ आणि २०२२ चा ईओएस-०४ हे भारताचे त्या जातीचे उपग्रह होत. वर्षभरातील अनेक चित्रे एकापुढे एक ठेवली की पावसानंतर उसळून लवकर ओसरणारा गवताचा आलेख, बारमाही बागेचा आलेख आणि पिकाचा आलेख वेगवेगळे ओळखू येतात. तरीही संगणकाला शिकविण्यासाठी जमिनीवरची ठिकाणे माणसालाच निवडावी लागतात. पडताळणीस जाणाऱ्या पथकाने ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, झाडाची जात आणि छत्राची दाटी टिपावी, हे ठरलेलेच आहे. माळावर गेल्यास त्याने तेथील मेंढपाळाला आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : पाऊस पडल्यावर येथे कोणकोणते गवत उगवते, आणि मेंढ्या येथे कोणत्या महिन्यापर्यंत चरतात.