कुंडीतलं लिंबू: खर्च किती, कुठे करावा?

एप्रिल 2022 मध्ये लिंबू किलोला 200 रुपयांच्या वर गेलं, तेव्हा गच्चीवर झाड लावण्याचा विचार अनेकांच्या मनात आला असेल. विचार चांगलाच आहे. फक्त पैसे कुठे घालायचे, हे आधी ठरवा. खालचे आकडे साधारण अंदाज आहेत. गावागणिक थोडाफार फरक पडेल.

सगळ्यात मोठा मोह नर्सरीत होतो. छोट्या पिशवीत फळांनी लगडलेलं झाड हजार-बाराशेला मिळतं. ते घेऊ नका. जागा बदलली की फळं गळतात आणि तेवढ्याशा पिशवीत मुळं गुंडाळलेली असतात. कागदी लिंबाचं निरोगी कलम 150 ते 250 रुपयांत येतं. बियांचं रोप 40-60 रुपयांत मिळतं आणि तेही बहुधा आईसारखंच निघतं, पण फळासाठी तीन-चार वर्षं थांबावं लागतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं ‘साई सरबती’ किंवा ‘फुले सरबती’ मिळालं तर उत्तम. घेताना पानं उलटून पाहा. पिवळ्या कड्यातले खरबरीत तपकिरी डाग म्हणजे खैऱ्या. असं रोप फुकट मिळालं तरी घरी आणू नका.

दुसरा खर्च कुंडीचा, आणि इथे काटकसर नको. 18 इंची ग्रो बॅग 150 ते 250 रुपयांना पडते. माती आणि शेणखताला 300 ते 400 धरा. ओली भरलेली कुंडी 80 किलोच्या घरात जाते, म्हणून किमान सहा तास ऊन येणारी जागा आधी नक्की करा आणि कुंडी तिथेच, शक्यतो तुळईवर, भरा. खाली ताटली ठेवू नका. साचलेल्या पाण्याने बुंध्याला डिंक्या लागतो, मुळं कुजतात आणि मग कुठलंच औषध कामी येत नाही. कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्या. सांध्याखालून फुटणारी काटेरी फूट लगेच काढा, नाहीतर खुंटच वाढेल.

औषधांवर फारसा खर्च नाही. किलोभर निंबोळी पेंड 50-70, कडुनिंबाच्या तेलाची छोटी बाटली 80-120. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी ही लिंबावरच्या फुलपाखराची. ती हाताने वेचायची, त्याला पैसे लागत नाहीत. एकूण पहिलं वर्ष 750 ते 1,100 रुपयांत भागतं. पुढे खत-पेंडीला वर्षाला 300-400.

पहिल्या दोन वर्षांत हा पैसा वसूल होणार नाही, हे मनाशी धरूनच लावा. झाड लहान असताना लागलेली फळं खुडून टाकणं जिवावर येतं, तरी बरीचशी खुडाच. आधी फांद्या भरू द्या. संत्रा-मोसंबीला अंगणातली जमीन हवी. गच्चीवर त्यांच्यामागे लागू नका.

फळ पिवळसर होऊ लागलं की देठासकट कात्रीने कापा, ओढू नका. सरबताला लागेल तेव्हा ताजं तोडा. लोणच्यासाठी मात्र झाडावरच पूर्ण पिवळं होऊ द्या: साल पातळ पडते, रस भरतो आणि लोणचं लवकर मुरतं.