पांढऱ्या फुलांच्या कंदवनस्पती ओळखताना

पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीच्या पठारांवर, कोकणच्या वाळूत आणि शहरांतील बागांत ज्या पांढऱ्या, सुवासिक, सहा पाकळ्यांच्या कंदवनस्पती फुलतात, त्यांपैकी बहुतेकींना सरसकट ‘लिली’ म्हटले जाते, आणि ओळखीतील चुकांची सुरुवात बहुधा तेथेच होते. समोरून टिपलेल्या एका छायाचित्रावरून किंवा रोपवाटिकेतील चिठ्ठीवरून नाव ठरवणाऱ्या अनेक हौशी संग्राहकांना पुढच्या हंगामात ते नाव खोडावे लागते. कारण क्रायनम, पँक्रॅशियम आणि हायमेनोकॅलिस या तिन्ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट) ॲमॅरिलिडेसी या एकाच कुलातील असून त्यांची ठेवण वरवर सारखी असते. लिनीअसने 1753 मध्ये क्रायनम व पँक्रॅशियम यांना नावे दिली. हायमेनोकॅलिस मात्र 1812 मध्ये वेगळी काढली गेली आणि तोवर तिच्या काही जाती पँक्रॅशियममध्येच गणल्या जात होत्या, यावरून या साम्याने तज्ज्ञांनाही किती काळ गुंतवून ठेवले होते हे ध्यानात येते.

सर्वांत विश्वसनीय खूण केसरदलांच्या, म्हणजे परागकण धारण करणाऱ्या नर अवयवांच्या, बुडाशी सापडते. क्रायनमचे सहाही केसरतंतू एकमेकांपासून सुटे असतात; उलट पँक्रॅशियम आणि हायमेनोकॅलिस यांत ते तंतू तळाशी एका पातळ पांढऱ्या पडद्याने जोडले जाऊन पेल्यासारखा भाग तयार होतो, ज्याला तोरण म्हणतात. या दोघींतील भेद मात्र फुलावर सहज ठरत नाही, त्यासाठी फळ पिकेपर्यंत थांबावे लागते: पँक्रॅशियमचे बी काळे व कोरडे असते, तर हायमेनोकॅलिसचे हिरवे आणि मांसल असते. क्रायनमचे बीही मांसल असते व बाहेरच्या पाण्यावाचून रुजू शकते. म्हणून बी आणि तोरण या दोन्ही खुणा जुळवल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. त्यात हायमेनोकॅलिस मूळची अमेरिका खंडांतील असल्याने, बागेत ती आढळणे स्वाभाविक, परंतु मनुष्यवस्तीपासून दूरच्या पठारावर तिची नोंद करण्याआधी पुन्हा तपासणे इष्ट.

क्रायनम निश्चित झाल्यावर जातीकडे वळताना परिदलनलिका, म्हणजे पाकळ्या खाली एकत्र जुळून झालेली नळी, पाहावी. समुद्रकाठच्या क्रायनम एशियाटिकममध्ये ती सरळ असून पाकळ्या अरुंद व बाहेर पसरलेल्या असतात. क्रायनम लॅटिफोलियममध्ये ती वाकलेली असून रुंद पाकळ्यांवर गुलाबी पट्टा दिसतो व फूल नरसाळ्याचा आकार घेते. उत्तर सह्याद्रीपुरत्या मर्यादित असलेल्या क्रायनम ब्रॅकिनेमाचे केसरतंतू इतके आखूड असतात की एकदा नीट पाहिलेले फूल पुन्हा चुकत नाही.

याहून गंभीर धोका रानकांद्याचा आहे, कारण तेथे चूक केवळ वहीत राहत नाही. उन्हाळ्यात पाने नसताना त्याचा उंच दांडा फुलतो आणि पाने नंतर येतात, त्यामुळे फूल व पान एकत्र पाहायला मिळत नाही. खालचा कंद मात्र खाण्याच्या कांद्यासारखाच पापुद्र्यांचा असतो. त्यात हृदयाच्या गतीवर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात, तर क्रायनमच्या कंदातील लायकोरीनमुळे वांत्या होतात. चुरडलेल्या पानाला कांद्याचा उग्र वास नसेल तर तो कंद खाण्याचा नव्हे असे समजावे, आणि वास आला तरी तेवढ्यावर भरवसा ठेवू नये, कारण आधी हाताळलेल्या कांद्याचा वास बोटांना राहतो; चव घेऊन ओळखण्याचा मार्ग तर पूर्णतः वर्ज्य मानावा. रानकांदा वरील तिघींहून वेगळा काढणे फुलावरून सोपे आहे: त्याची फुले दांड्यावर वेगवेगळ्या उंचीवर येतात आणि किंजपुट, म्हणजे ज्याचे पुढे फळ होते तो भाग, पाकळ्यांच्या वर असतो, वरील तिघींची फुले दांड्याच्या टोकाशी एकाच ठिकाणाहून निघतात आणि त्यांचा किंजपुट पाकळ्यांच्या खाली असतो.

कंद उपटून पाहण्याचा मोह टाळावा, हे आवर्जून सांगावे लागते. वर सांगितलेल्या भेदांसाठी कंदाची गरज नाही, आणि मर्यादित प्रदेशात वाढणाऱ्या जातीचा एकेक कंद मोलाचा असतो. फूल दाबून सुकवल्यास तोरण चपटे होऊन पाकळ्यांना चिकटते व नळीचा बाकही कळेनासा होतो, म्हणून ताजे असतानाच एक फूल उभे चिरून केसरांचे बूड आणि किंजपुट दिसतील असे चित्र काढावे, दांडा पोकळ आहे की भरीव याची नोंद करावी, आणि बी पाहण्यासाठी त्याच रोपाकडे फळ पिकण्याच्या सुमारास पुन्हा जावे.