इंग्रजी आकडे आणि पैशाचे शब्द

चेकवर रक्कम दोनदा लिहावी लागते, एकदा आकड्यांत व एकदा अक्षरांत, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु दोहोंत फरक पडल्यास खरी कोणती धरावयाची, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १८८१ सालच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या १८ व्या कलमात याचे स्पष्ट उत्तर आहे : अक्षरांत लिहिलेली रक्कम हीच खरी. आकडा लाख बरोबर असो, शब्द चुकला की कायद्याच्या दृष्टीने रक्कम चुकली.

हा धडा आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. गेल्या श्रावणात नैवेद्याच्या सामानाचे पंधरा हजार रुपये वाण्यास द्यावयाचे होते. तीर्थरूपांनी चेकवर सही केली आणि बाकीचा मजकूर भरण्याचे काम, घरात इंग्रजी शिकलेले म्हणून, आमच्याकडे आले. (इंदुरास चेक हिंदीतही लिहिता येतो, पण आम्हांस आमच्या इंग्रजीचा अभिमान!) आकडा आम्ही १५,००० असा बिनचूक घातला आणि अक्षरांत ‘फिफ्टी थाउजंड ओन्ली’ लिहून मोकळे झालो. अशा वेळी बँक सहसा जोखीम पत्करीत नाही. शब्द व आकडे जुळत नाहीत असा शेरा मारून तिने चेक परत पाठविला. वाण्याने घरी येऊन तो तीर्थरूपांच्या हातावर ठेवला. तो भला माणूस एक शब्दही बोलला नाही. परंतु चेक परत आला म्हणजे खात्यात पैसे नसणार, असेच जग समजते, आणि उधारीची एक पैही कधी न थकविलेल्या तीर्थरूपांना त्या दिवशी जेवण गेले नाही. त्यानंतर आम्ही शाळेतील वही पुन्हा उघडली.

घोटाळ्याचे मूळ ‘टीन’ आणि ‘टी’ या दोन शेपटांत आहे. ‘टीन’ म्हणजे दहा मिळविले, ‘टी’ म्हणजे दहाने गुणिले. फिफ्टीन म्हणजे पाच आणि दहा, फिफ्टी म्हणजे पाच दाहे. बोलताना ‘टीन’ लांबवून त्यावर जोर द्यावा. ‘टी’ आखूड ठेवून जोर पहिल्या अक्षरावर द्यावा. फोनवर शंका आली तर ‘वन फाइव्ह की फाइव्ह झीरो?’ असे निःसंकोच विचारावे. लिहिताना आणखी एक खाच आहे. ‘फोर’ व ‘फोर्टीन’ यांत ‘यू’ हे अक्षर येते, ‘फोर्टी’मध्ये येत नाही.

दुसरी अडचण खास आपली आहे. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतात व वीस मागून. इंग्रजी तेरापासून एकोणिसापर्यंत आपल्याच वाटेने चालते, पण वीस ओलांडताच उलटते : ट्वेंटी-फाइव्ह. म्हणून घरी मराठी बोलणारे मूल ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिते, ते मठ्ठपणामुळे नव्हे. ‘एकोणसाठ’ तर अधिकच फसवे. कानात साठ घुमतात आणि हात ‘सिक्स्टी-नाइन’ लिहितो. एक उणा साठ असा विग्रह करून मगच लेखणी उचलावी. महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा मोठा वाद माजला होता. आम्हांस स्वतःला ‘त्र्याहत्तर’ सोडवणार नाही. परंतु मुलांची अडचण खरी आहे, हे मान्य केले पाहिजे.

सव्वा, दीड, अडीच, पावणे यांना इंग्रजीत आपल्यासारखे सुटसुटीत शब्द नाहीत. तेथे हिशेब उलगडून सांगावा लागतो. सव्वाशे म्हणजे ‘वन हंड्रेड अँड ट्वेंटी-फाइव्ह’, पावणेदोनशे म्हणजे ‘वन हंड्रेड अँड सेव्हन्टी-फाइव्ह’, दीड लाख म्हणजे ‘वन लाख फिफ्टी थाउजंड’. (जाता जाता : २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैशांचे नाणे चलनातून गेल्यापासून सव्वा रुपया रोख देताच येत नाही. दक्षिणेच्या बोलण्यात मात्र तो अजून खणखणतो आहे.)

ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी ‘मिलियन’ ओळखावा. तो दहा लाखांचा. एक कोटी म्हणजे दहा मिलियन, आणि शंभर कोटी, म्हणजेच एक अब्ज, हा ‘बिलियन’. जुन्या इंग्रजी कोशात बिलियन याहून हजारपट मोठा आढळेल. इंग्लंडच्या सरकारने तो अर्थ १९७४ साली सोडला. स्वल्पविरामही जागा बदलतो. आपण १२,३४,५६७ लिहितो, ते १,२३४,५६७ लिहितात.

आता क्रियापदे. आपण उसने ‘घेतो’ आणि उसने ‘देतो’. इंग्रजीत घेणाऱ्याचे ‘बॉरो’ आणि देणाऱ्याचे ‘लेंड’ असे दोन शब्द आहेत. त्यांची अदलाबदल केल्यास सावकाराचा ऋणको होतो. ‘ओ’ म्हणजे देणे लागणे. पासबुकात ‘क्रेडिट’ म्हणजे जमा, ‘डेबिट’ म्हणजे नावे पडलेले. मोबाईलवर बँकेचा संदेश आला की प्रथम हेच दोन शब्द शोधावेत, रक्कम मागून पाहावी. ‘प्रिन्सिपल’ म्हणजे मुद्दल, ‘इंटरेस्ट’ म्हणजे व्याज. शाळेत आम्ही यांचे अर्थ केवळ मुख्याध्यापक आणि आवड एवढेच शिकलो होतो, आणि कर्जाचा कागद प्रथम वाचला तेव्हा चकित झालो.

सरावासाठी पुढील रकमा चेकवर लिहाव्या तशा इंग्रजी अक्षरांत लिहून घरातील दुसऱ्याकडून तपासून घ्याव्यात : एकोणनव्वद, पावणेतीनशे, चौदा हजार चाळीस, चाळीस हजार चौदा, सव्वा लाख. शेवटी ‘ओन्ली’ विसरू नये, आणि त्यापुढे कोणाला काही भरता येईल एवढी जागा ठेवू नये.