चेहऱ्याचा तोल : कारणे आणि उपाय

(द्वितीय वर्ष कला)

माणसाची ओळख त्याच्या चेहऱ्यावरून पटते. नाव विसरते, गाव विसरते, पण चेहरा लक्षात राहतो. म्हणूनच आपल्या भाषेने मानापमानाचे सारे व्यवहार तोंडाशी जोडलेले आहेत. कुणाचे तोंड उतरते, कुणाचे काळे पडते, तर कुणाला तोंड दाखवायला जागा उरत नाही. अशा या चेहऱ्याची एक बाजू दुसरीसारखी नसली, की माणसाच्या मनाला कायमची टोचणी लागते. मुलगी असेल तर पाहुणे येऊन पाहून जातात आणि पुढे निरोप येत नाही. मुलगा असेल तर वर्गात त्याला नाव पडते आणि तेच पुढे गावभर होते.

मी वैद्यकशास्त्राची विद्यार्थिनी नाही. मानसशास्त्र हा विषय अभ्यासताना चेहऱ्यासंबंधी जे वाचले व घरात जे पाहिले, ते विद्यार्थी-मित्रांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पूर्ण सारखा चेहरा कुणाचाच नसतो

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डावी-उजवी बाजू अगदी काटेकोर सारखी असलेला चेहरा निसर्गात जवळजवळ सापडत नाही. एक भुवई किंचित वर, एक गाल थोडा भरलेला, हसताना ओठांचा एक कोपरा आधी उचललेला, हे सर्वांच्याच बाबतीत असते. हा दोष नव्हे.

मग फोटोत आपला चेहरा वाकडा का वाटतो? आपण स्वतःला जन्मभर आरशात पाहतो. आरसा डाव्याचे उजवे करून दाखवतो, फोटो मात्र जग जसे पाहते तसे दाखवतो. १९७७ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. एकाच व्यक्तीचे सरळ छायाचित्र आणि आरशातल्यासारखे उलटे छायाचित्र, अशी दोन्ही दाखवली. त्या व्यक्तींनी बहुतेक करून उलटे निवडले, तर त्यांच्या मैत्रिणींनी सरळ निवडले. ज्याला जे पाहायची सवय, त्याला ते चांगले वाटते. त्यातच मोबाईल हातभर अंतरावर धरून फोटो काढला की नाक प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसते व मान जराशी वळली तरी एक गाल फुगतो. असा फोटो पाहून झुरणाऱ्यांनी आधी पाच-सहा फुटांवरून दुसऱ्याकडून फोटो काढून घ्यावा. निम्मी चिंता तिथेच मिटेल.

परंतु फरक जर नवा असेल, वाढत असेल, किंवा त्यामुळे खाणे, बोलणे, डोळा मिटणे अडत असेल, तर त्यामागे कारण असते आणि ते शोधलेच पाहिजे.

अचानक वाकडे होणारे तोंड

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूचे स्नायू हलवणारा एक मज्जातंतू असतो. तो मेंदूतून निघून कानामागच्या हाडातील एका अरुंद बोगद्यातून चेहऱ्यावर येतो. काही कारणाने त्याला सूज आली, की हाड जागा देत नाही व तंतू दाबला जातो. त्या बाजूचे कपाळ आठी घालत नाही, डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओठांतून गळते आणि तोंड चांगल्या बाजूकडे ओढले जाते. स्कॉटलंडचे शल्यवैद्य सर चार्ल्स बेल (१७७४-१८४२) यांनी या तंतूचा अभ्यास केला, म्हणून या विकारास 'बेल्स पाल्सी' म्हणतात. आयुर्वेदात यालाच 'अर्दित' असे नाव आहे. आमच्याकडे 'वारं गेलं' म्हणतात.

२०२२ च्या श्रावणात माझ्या आत्याच्या बाबतीत हेच झाले. सकाळी भाकरी थापायला बसली तेव्हा तिचे तोंड उजवीकडे ओढलेले दिसले. घरच्यांनी तिला देवऋषाकडे नेले. अंगारा लावला, उतारा टाकला आणि पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी डोळा लाल झाला तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. चिठ्ठी माझ्या हातात देऊन आत्या म्हणाली, "वाच गं बाई, काय लिहिलंय ते. आपल्या घरात तूच एक कागद वाचणारी." कागदावर औषधांची नावे होती आणि खाली एक वाक्य होते, की रुग्ण उशिरा आला आहे. त्या एका वाक्याने मला हा विषय वाचायला लावला.

उशिराचा अर्थ असा. या विकारात स्टिरॉइड जातीचे औषध पहिल्या ७२ तासांत सुरू केले तर अधिक गुण येतो. २००७ साली स्कॉटलंडमधील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत प्रेडनिसोलोन वेळेवर मिळालेल्या रुग्णांपैकी नऊ महिन्यांनी ९४ टक्के पूर्ण बरे झाले होते. ते न मिळालेल्यांपैकी ८२ टक्के. म्हणजे पुष्कळसे रुग्ण आपोआपही बरे होतात, आणि अंगाऱ्याला जे श्रेय मिळते ते यामुळेच. पण जे थोडे मागे राहतात त्यांचे पुढचे आयुष्य त्या तीन दिवसांवर अवलंबून असते. शिवाय डोळा मिटत नसल्याने बुबुळ कोरडे पडून जखम होऊ शकते. दिवसा डोळ्यात थेंब घालणे, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने मिटवून ठेवणे, हा साधा उपायही डोळा वाचवतो. आत्याचे तोंड आता सरळ झाले आहे. मात्र हसताना तिचा डावा डोळा आपोआप मिटतो. तंतू पुन्हा वाढताना त्याचे धागे चुकीच्या स्नायूंना जाऊन मिळाले, की असे होते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. तोंड वाकडे झाले पण कपाळाला आठ्या पडत असतील, किंवा हातापायातील शक्ती गेली असेल, जीभ जड झाली असेल, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. अशा वेळी कोणता विकार हे घरी ठरवत बसू नये. तडक मोठे रुग्णालय गाठावे.

हळूहळू येणारा वाकडेपणा

दुसरा वर्ग हाडांचा व स्नायूंचा. काही बाळांच्या मानेचा एक स्नायू जन्मतः आखडलेला असतो. मान एका बाजूला कललेली राहते आणि लक्ष न दिल्यास त्या बाजूचा चेहरा चपटा वाढतो. पहिल्या वर्षातच व्यायाम करून घेतल्यास बहुतेक बाळांना शस्त्रक्रिया लागत नाही. दुभंगलेला ओठ व टाळू हाही जन्मजात दोष आहे. ग्रहणात आईने विळी धरली म्हणून असे झाले, ही समजूत निराधार आहे. ओठाची शस्त्रक्रिया सामान्यतः तीन ते सहा महिन्यांच्या वयात व टाळूची नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात.

खेड्यापाड्यांत सर्वात दुर्लक्षित कारण म्हणजे लहानपणी हनुवटीवर पडणे. मूल झाडावरून किंवा ओट्यावरून हनुवटीवर आपटते, जखमेला हळद लावली जाते आणि सर्वजण विसरतात. पण हनुवटीला बसलेला मार कानापुढच्या जबड्याच्या सांध्याला पोचलेला असतो. तेथे हाड हाडाला जुळून येते. मग तोंड उघडेनासे होते, त्या बाजूचा जबडा वाढत नाही आणि हनुवटी त्याच बाजूला सरकते. कान फुटून आतला पू सांध्यापर्यंत गेल्यानेही असे घडते. मुलाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावत नसतील तर डॉक्टरांना दाखवावे, हे प्रत्येक आईला व शाळामास्तरांना ठाऊक हवे.

याच्या उलट प्रकारही आहे. वयात येण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर एका बाजूचा सांधा प्रमाणाबाहेर वाढतो आणि हनुवटी विरुद्ध बाजूला ढकलली जाते. दात वेडेवाकडे मिळत असल्यामुळे मूल जबडा बाजूला सरकवून चावते, हेही एक कारण होय. शेवटी, मिश्री, तंबाखू, गुटखा यांची सवय असलेल्या माणसाच्या एका गालावर न दुखणारी सूज आली तर तिला दाढेची सूज समजून शेकत बसू नये. ती कर्करोगाची गाठ असू शकते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी हे सांगण्याची गरज संपलेली नाही.

दुरुस्तीचे मार्ग

उपाय हा कारणावर व वयावर ठरतो. वाढत्या वयात दातांना तारा लावून किंवा टाळू रुंद करणारे साधन बसवून पुष्कळ साधते. सांधा जुळलेला असेल तर जुळलेले हाड कापून सांधा मोकळा करतात, आणि पुढे कित्येक महिने तोंड उघडण्याचा व्यायाम न चुकता करावा लागतो. व्यायाम टाळला की सांधा पुन्हा जुळतो.

खुरटलेला जबडा लांब करण्याची एक विलक्षण पद्धत आहे. सैबेरियातील कुर्गान येथे डॉ. गाव्रिल इलिझारोव यांनी पायाची हाडे लांबवताना दाखवून दिले, की हाड कापून त्याची दोन टोके रोज सुमारे एक मिलिमीटर दूर नेली, तर मधल्या फटीत नवे हाड तयार होते. हेच तत्त्व न्यूयॉर्कच्या डॉ. जोसेफ मॅकार्थी यांनी मुलांच्या जबड्यावर वापरून १९९२ साली प्रसिद्ध केले.

वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे मुलींत सुमारे १६ व मुलांत १८ वर्षांनंतर, जबड्याचे हाड कापून योग्य जागी बसवून टिटॅनियमच्या पट्ट्यांनी पक्के करता येते. छेद तोंडाच्या आतून घेतात, त्यामुळे बाहेर व्रण दिसत नाही. ही शस्त्रक्रिया मोठी आहे. आधी व नंतर तारा लावाव्या लागतात, सगळे मिळून दोन-एक वर्षे जातात आणि खालच्या ओठाला बधिरपणा राहण्याचा संभव असतो. फरक केवळ मांसल भागाचा असेल तर पोटावरील चरबी काढून गालात भरतात. सुईने देण्याचे उपायही आहेत, पण त्यांचा परिणाम काही महिन्यांनी ओसरतो. जबडा सरळ करण्याचे जे व्यायाम मोबाईलवर दाखवतात, त्यांनी मोठ्या माणसाचे हाड हलत नाही.

खर्चाच्या भीतीने कुणी घरी बसू नये. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते. दुभंगलेला ओठ व टाळू त्यात समाविष्ट आहे.

एक जुना दाखला

चेहऱ्याची दुरुस्ती ही केवळ पाश्चात्त्यांची देणगी आहे असे कुणी समजू नये. सुश्रुतसंहितेत नाक पुन्हा घडवण्याची रीत सांगितली आहे. इंग्रज फौजेत बैलगाडी हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचे नाक टिपूच्या सैनिकांनी कापले. पुढे पुण्याजवळील वीट भाजणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली. ज्याने ती विद्या जपली त्या पुण्याच्या कारागिराचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही.

समारोप

सारांश, चेहऱ्यातील लहानसहान फरक हा निसर्ग आहे व त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. मोठा फरक हा विकार आहे, त्याचीही लाज बाळगण्याचे कारण नाही. त्याला उपचार हवा, आणि तो वेळेवर हवा. माझ्यासारख्या, घरात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या विद्यार्थ्यांना एकच विनंती आहे. आपल्या घरात, वस्तीत दवाखान्याचा कागद आपल्याच हातात येतो. त्या कागदाआधीचे तीन दिवस वाया जाऊ न देणे हेही आपल्याच हातात आहे. कुणाचे तोंड वाकडे झाल्याचे कानावर आले, तर देवऋषाच्या आधी आपण त्या घरी पोचावे.