पिकअपच्या हौद्यास फवारी अस्तर : आधींची तयारी

हल्लीं पुष्कळ बागायतदारांच्या दारांत ट्रॅक्टरच्या शेजारीं एक पिकअप गाडी उभी दिसते. सकाळीं खताच्या गोण्या, दुपारीं टोमॅटोचे क्रेट, रात्रीं बाजार समितीकडे कांदा, आणि मध्येंच एखादें आजारी जनावर दवाखान्यांत न्यावयाचें झाल्यास तेंही याच हौद्यांत, अशी तिची चाकरी असते. इंजिनाचें तेल आपण वेळेवर बदलतों, टायरची हवा पाहतों. हौद्याकडे मात्र पत्र्यास भोंक पडून खालची जमीन दिसूं लागेपर्यंत कोणाचें लक्ष जात नाहीं. ती पाळी येण्यापूर्वींच हौद्यास आंतून फवाऱ्यानें रबरासारखें जाड अस्तर बसवून घेतां येतें. हें अस्तर टिकाऊ असतें याविषयीं वाद नाहीं. परंतु त्याचें सर्व आयुष्य तें कशा पत्र्यावर बसतें यावर अवलंबून असतें, आणि त्याचाच विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम हें अस्तर म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. हौद्यांत प्लॅस्टिकची तयार परात बसविण्याची रीत जुनी आहे. पण परात आणि पत्रा यांच्यामध्यें फट राहते, तींत पाणी व वाळू सांचते आणि गाडीच्या हिसक्यांनीं तीच वाळू रंग घांसून काढते. फवारी अस्तर पत्र्यालाच चिकटत असल्यामुळें अशी फट राहत नाहीं. तें दोन द्रवांचें बनतें. एक आयसोसायनेट जातीचा आणि दुसरा राळेसारखा. दोन्ही एकत्र येतांच घट्ट होऊं लागतात. पॉलियुरेथेन या द्रव्याचा शोध जर्मनींत ओटो बायर यांनीं १९३७ सालीं लावला. पॉलियुरिया नांवाचा त्याचा अधिक जलद जमणारा भाऊबंद १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत फवारणीयोग्य झाला. मोठ्या कारखान्यांत दोन्ही द्रव तापवून मोठ्या दाबानें फवारतात व कांहीं सेकंदांतच थर जमतो. दुसरा प्रकार डब्यांतून मिळतो; त्यांत हार्डनर मिसळून साध्या कॉम्प्रेसरनें फवारावें किंवा रोलरनें लावावें. पहिल्याचा थर सुमारें ३ मिलिमीटर जाड असतो, दुसऱ्याचा बराच पातळ. हौद्याचा तळ अडीच मीटर लांब, १.७ मीटर रुंद आणि बाजू ४० सेंटिमीटर उंच धरल्यास एकूण क्षेत्र साडेसात चौरस मीटरांहून थोडें अधिक भरतें, आणि ३ मिलिमीटर थराचें वजन २३-२४ किलो होतें. अर्ध्या गोणीएवढें हें ओझें गाडीला कांहींच नाहीं.

आतां स्वानुभव सांगतों. चार वर्षांपूर्वीं प्रस्तुत लेखकानें आपल्या गाडीस असें अस्तर करून घेतलें. महिना आषाढाचा होता. शेतांत पिकें उभीं असल्यानें गाडी मोकळी होती, एवढाच विचार दिवस निवडतांना केला. आदल्या दिवशीं दुपारपर्यंत गाडींतून पोटॅश वाहिलें होतें. पाइपाच्या पाण्यानें हौदा धुऊन दिला, आणि दोन दिवसांनीं काळेंभोर, देखणें अस्तर घेऊन गाडी घरीं आली. पुढच्या वैशाखांत जागोजाग फुगे दिसूं लागले. एक फुगा चाकूनें कापला, तों आंतून तांबूस पाणी ओघळलें. मग कडेला बोट घालून ओढलें, तों उकडलेल्या रताळ्याची साल निघावी तसें हातभर अस्तर निघून आलें. कारागिराचा राग येणें साहजिक होतें; पण निघालेलें अस्तर उलटें करून पाहिल्यावर तो निम्म्यानें ओसरला. हौद्याच्या तळाला शेतासारखेच सरी-वरंबे असतात. वरंब्यांच्या माथ्यावर, जेथें पॉलिश पेपर सहज फिरतो, तेथें अस्तर इतकें घट्ट होतें कीं पटाशीनेंही निघेना. वरंब्यांच्या उतारांवर आणि कोपऱ्यांत, जेथें हात वांकडा करावा लागतो, तेथें जुन्या रंगाची चकाकी जशीच्या तशी शिल्लक होती. फुगे होते ते सऱ्यांत, जेथें खताचें पाणी सांचलें होतें. खालीं पत्र्याला तीन ठिकाणीं बोट जाईल एवढीं भोंकें होतीं, आणि त्यांपैकीं एकाजवळ हौदा सांगाड्याला धरून ठेवणारा बोल्ट हातानें हलत होता. अस्तर नसतें तर हें सर्व वेळीं दिसलें असतें. ते पोटॅश मीं वाहिलें होतें आणि आषाढही मींच निवडला होता.

गंज म्हणजे लोखंड, पाणी व हवा यांचें काम. पण मीठ असल्यास तें काम अनेक पटींनीं वेगानें चालतें. म्युरेट ऑफ पोटॅश हें रासायनिकदृष्ट्या पोटॅशियम क्लोराईड होय आणि त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग क्लोरीनचा असतो. युरिया हवेंतील ओल ओढून घेतो, तर जनावरांच्या मूत्रांत क्षार असतातच. हे क्षार गंजाच्या खांचांत खोल शिरून बसतात. त्यांवर अस्तर दिलें म्हणजे प्रश्न मिटला असें वाटतें, परंतु कोणतेंही अस्तर पूर्णपणें अभेद्य नसतें. खालचें मीठ थरांतून किंचित् किंचित् ओल खेंचीत राहतें आणि पाण्याचा फुगा तयार होतो. गंज मूळच्या लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापीत असल्यानें तो अस्तरास खालून उचलूंही लागतो.

म्हणून पहिली गोष्ट हंगामाची. माघापासून वैशाखाच्या मध्यापर्यंतचा कोरडा काळ या कामास उत्तम. आयसोसायनेटची पाण्याशीं गांठ पडली कीं कर्बवायु सुटतो आणि थरांत बुडबुडे होतात. तेव्हां दमट पत्र्यावर अस्तर म्हणजे भाकरीऐवजीं जाळीदार घावन. हवेंतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खालीं असावी, व पत्र्याचें तापमान दंव पडण्याच्या बिंदूपेक्षां निदान ३ अंश सेल्सियस वर असावें, असा रंगकामाचा सर्वमान्य नियम आहे. उपकरण नसल्यास रंगाऱ्यांची जुनी कसोटी वापरावी : ओल्या फडक्यानें पत्र्यावर हातभर जागा पुसावी, ती पाव तासांत वाळली तर हवा ठीक, न वाळली तर त्या दिवशीं हात लावूं नये. थंडींत सकाळचें दंव उतरल्याशिवाय आणि कोंकणांत ऊन चांगलें तापल्याशिवाय आरंभ करूं नये. उलटपक्षीं वैशाखाच्या भर उन्हांत पत्रा हाताला चटका देतो. तेव्हां गाडी सावलींतच असावी.

काम सुरूं करतांना हौद्यांतील हूक, दिवे, रबरी चटई, साखळ्या, शक्य तर मागचा फाळकाही काढून ठेवावा. "बोल्ट राहूं द्या, त्यावरूनच मारूं," असें कारागीर म्हणेल. ऐकूं नये, कारण गंज बोल्टाच्या डोक्याखालींच घर करून असतो. पाणी निघून जाण्यासाठीं तळाला जीं छिद्रें असतात त्यांत लांकडी खुंट्या बसवाव्या, म्हणजे तीं अस्तरानें बुजणार नाहींत. हें विसरल्यास हौद्याचें डबकें होतें.

धुण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळ ठिकाणीं आधीं घांसतात व मग धुतात. तें चूक होय. डिझेल, ग्रीस, पेंडीचें तेल हें पत्र्यावर असतांना घांसलें तर तें नव्या ओरखड्यांत भरून बसतें. प्रथम गरम पाणी व साबणानें, ब्रशनें, दोन वेळां धुवावें. खतवाहू गाडी असल्यास तीन वेळां, आणि शेवटचें पाणी बोअरचें खारट नसून गोडें असावें. वाळल्यावर मेणनिवारक थिनरनें पुसावें, तेंही दोन फडक्यांनीं : एकानें ओलें पुसावयाचें आणि दुसऱ्या कोऱ्या फडक्यानें तें वाळण्यापूर्वीं उचलावयाचें. एकाच फडक्यानें सर्वत्र पुसणें म्हणजे तेल सर्वत्र सारखें वाटणें. स्वच्छतेची परीक्षा फुकटची आहे. पत्र्यावर पाणी शिंपडावें. तें सलग पापुद्र्यासारखें पसरलें तर पत्रा स्वच्छ, अळूच्या पानावरल्यासारखे थेंब झाले तर तेल अद्याप आहे. टायर किंवा डॅशबोर्ड चमकविण्याच्या द्रव्यांत बहुधा सिलिकॉन असतें. तें त्या आठवड्यांत गाडीजवळ आणूंही नये.

गंजाच्या बाबतींत दयामाया नको. सुटे पोपडे हातोडीनें झाडावे आणि ग्राइंडरला पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती लावून पांढरें लोखंड दिसेपर्यंत घांसावें. तारेचा ब्रश कोपऱ्यांत उपयोगी पडतो, पण तो पत्र्याला खरखरीत न करतां उलट गुळगुळीत करतो, हें लक्षांत ठेवून त्यानंतर पॉलिश पेपर फिरवावाच. पत्रा टोंचणीनें टोंचून पाहावा. जेथें टोंचणी आंत जाईल तेथें तो भाग कापून नवें ठिगळ वेल्डिंगनें बसवावें. तेथें लांबी भरून वेळ मारून नेणें म्हणजे वर सांगितलेल्या सैल बोल्टास आमंत्रण देणें. खांचा असलेला पत्रा उघडा केल्यावर गोड्या पाण्यानें पुन्हां घांसून धुवावा, लागलीच वाळवावा आणि छपराखालीं एक रात्र तसाच ठेवावा. सकाळीं खांचांत काळसर किंवा ओलसर ठिपके दिसले तर समजावें कीं मीठ आंत आहे, पुन्हां धुवावें. या एका रात्रीची घाई होते म्हणूनच बहुतेक अस्तरें बिघडतात, असें माझें मत झालें आहे.

जेथें जुना रंग घट्ट आहे तेथें तो काढण्याची गरज नाहीं. परंतु त्याची चकाकी गेली पाहिजे. जाड फवारी अस्तरास ६० ते ८० नंबरचा पॉलिश पेपर योग्य. डब्यांतील पातळ अस्तरास त्याहून बारीक चालतो, कोणता तें डब्यावर दिलेलें असतें. काम झाल्यावर संध्याकाळीं बॅटरीचा उजेड पत्र्यालगत आडवा टाकावा. चकाकणारा प्रत्येक ठिपका म्हणजे अस्तर सुटण्याची जागा. हें काम मालकानें स्वतः करावें. दुसऱ्याच्या हौद्यांत कोणी इतकें वांकत नाहीं.

उघड्या लोखंडावर दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर द्यावा. आपल्याकडे सर्रास तांबडा रेड ऑक्साईड मारण्याची पद्धत आहे, कारण तो स्वस्त असतो. शेताच्या फाटकाला तो उत्तम. पण कच्चा राहिल्यास वरच्या थरांतील द्रावकानें तो मऊ पडतो, आणि मग अस्तर त्याला धरतें व तो पत्र्याला सोडतो. प्रायमरवर पुढचा थर किती तासांच्या आंत द्यावयाचा हें डब्यावर छापलेलें असतें. ती मुदत टळली तर पुन्हां घांसावें लागतें.

धूळ उडविण्यास कॉम्प्रेसरची हवा वापरावयाची तर आधीं तिची परीक्षा करावी. नळीसमोर पांढरा कागद अर्धा मिनिट धरावा. त्यावर तेलाचा किंवा पाण्याचा डाग पडल्यास ती हवा हौद्याला लावूं नये. कडा हा दुसरा नाजूक भाग होय, कारण अस्तर सुटतें तें बहुधा कडेपासून. तार असलेली चिकटपट्टी मिळाल्यास ती सरळ रेषेंत लावावी आणि थर पुरता कडक होण्यापूर्वीं तार ओढावी, म्हणजे कड स्वच्छ कापली जाते. केबिन, चाकें, सायलेन्सर व काचा कागदानें झांकाव्या. उडालेला फवारा नंतर निघत नाहीं.

येथें एक गोष्ट परखडपणें सांगितली पाहिजे. आयसोसायनेटचा फवारा श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडूं शकतो, आणि एकदां अंगाला तें सोसेनासें झालें कीं पुढें अल्प प्रमाणही बाधतें. १९८४ सालीं भोपाळमध्यें ज्या वायूनें अनर्थ केला तो याच कुळांतला होता. अस्तराचीं द्रव्यें तितकीं उडून जाणारीं नाहींत, पण फवाऱ्याचे सूक्ष्म थेंब छातींत जातातच. तोंडाला उपरणें बांधून हें काम करूं नये. कारखान्यांत कारागिरास बाहेरून ताजी हवा पुरविणारा मुखवटा असावा. तो नसेल तर गाडी तेथें देऊं नये. घरीं करणारानें फवारा सोडून ब्रश व रोलर वापरावा, काम उघड्या हवेशीर जागीं करावें, हातमोजे व चष्मा घालावा, आणि मुलांना व गुरांना दूर ठेवावें.

अस्तर झाल्यावर डब्यावर दिलेली मुदत पुरी होईपर्यंत खत वा क्रेट भरूं नये. छिद्रांतल्या खुंट्या काढून तळांत बादलीभर पाणी ओतावें व तें सर्व निघून जातें कीं नाहीं तें पाहावें. पहिला पावसाळा संपल्यावर, दसऱ्याला गाडीची पूजा करतांनाच, एकदां गाडीखालीं आडवें होऊन बोल्ट आणि तळाचा खालचा पत्रा टॉर्चनें तपासावा. वरून अस्तर कितीही शाबूत दिसलें तरी गंज दिसतो तो खालूनच.